रथ थांबला होता, कुत्रा खाली उभा होता



मौसलपर्व संपलं. खरं सांगायचं तर ते वाचताना जीव घुसमटला होता, यादवांचा तो शेवट रात्री झोपायच्या आधी वाचू नये असा आहे. आजपासून महाप्रास्थानिक पर्व. अठरा पर्वांतलं सगळ्यात छोटं, तीनच अध्याय. डोंबिवली फास्टला घाटकोपर येईपर्यंत वाचून होतं. पण मला आज यातल्या एकाच प्रसंगाशी बसायचंय, आणि का बसायचंय तेही सांगायचंय. त्यामुळे नेहमीपेक्षा जरा लांबेल. चहा घेऊन बसा.

कथा माहीतच आहे. पाच पांडव आणि द्रौपदी राज्य सोडून निघतात. हस्तिनापुरातूनच एक कुत्रा त्यांच्या मागे लागतो. त्याला कुणी बोलावलेलं नाही, कुणी भाकरी दाखवलेली नाही. तो आपला चालतोय. वाटेत एकेक जण पडतो. आधी द्रौपदी, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. युधिष्ठिर मागे वळून बघत नाही. शेवटी उरतात दोघे, तो आणि कुत्रा. मग इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, चढ. युधिष्ठिर म्हणतो, हा माझ्याबरोबर येईल. इंद्र म्हणतो, कुत्रा चालणार नाही.

हे वाक्य मी गेल्या दीड वर्षात किती वेळा ऐकलंय! घरमालकांकडून, सोसायटीच्या सेक्रेटरीकडून, 'आम्हाला खूप आवडतात हो प्राणी, पण' अशी सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाकडून.

जून २०२४. पहिला मोठा पाऊस झाला होता. मी रविवारी आईबाबांकडे डोंबिवलीला निघालो होतो, काटई नाक्याजवळ ट्रॅफिक तुंबलेला, नेहमीसारखा. डाव्या बाजूला चहाच्या टपरीशेजारी खांबाला टेकून एक लॅब्रॅडोर उभा होता. बसलेला नाही, उभा. प्रत्येक गाडी हळू झाली की मान वर करायचा, काचेकडे बघायचा, गाडी पुढे गेली की मान खाली. मी तीन सिग्नलभर हे बघितलं. मग गाडी बाजूला घेतली. टपरीवाला म्हणाला, "साहेब, चार दिवस झाले. पांढऱ्या गाडीतून उतरवला. बिस्किट टाकलं तर खातो, पण जागा सोडत नाही. गल्लीतली कुत्री रात्री फाडायला येतात, तरी जागा सोडत नाही."

गळ्यावरचे केस गोल झिजलेले होते. म्हणजे वर्षानुवर्षं पट्टा होता, आणि सोडताना तो आठवणीने काढून घेतला होता. पट्ट्यावर नंबर असेल ना! मला त्या माणसाच्या या व्यवस्थितपणाचा राग जास्त आला.

आता प्रामाणिकपणे सांगतो. मी कुणी प्राणीमित्र वगैरे नाही. ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणारा माणूस. मी एका ओळखीच्या मुलीला फोन केला, ती कल्याणला हे काम करते. ती म्हणाली, आधी हात लावू नकोस, घाबरलेला कुत्रा कितीही गरीब दिसला तरी चावू शकतो. गॉजच्या पट्टीने तोंड कसं बांधायचं ते तिने फोनवर शिकवलं. टपरीवाल्याने पोत्याची झोळी केली. डॉक्टरांकडे वजन केलं तर एकोणीस किलो. लॅब्रॅडोर नर तीस किलोच्या आसपास असायला हवा. कानात, बोटांच्या बेचक्यात गोचिडी. हिरड्या पांढऱ्याफटक. रक्त तपासलं, प्लेटलेट्स चाळीस हजार. गोचीड ताप. दातांवरून वय आठ-नऊ. मागचे दोन्ही खुबे आखडलेले, या जातीत म्हातारपणी होतं तसं.

डॉक्टर म्हणाले, "औषध अठ्ठावीस दिवस. मधे बरा वाटला म्हणून थांबवायचं नाही. आणि याला ठेवणार कुठे?"

हा दुसरा प्रश्न. माझा ठाण्यातला फ्लॅट भाड्याचा, करारात स्पष्ट लिहिलंय. पाळीव कुत्र्यावर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने तसं कळवलेलं आहे. पण घरमालकाशी केलेला करार हा वेगळा विषय, आणि मला तेव्हा भांडायचं नव्हतं. मी त्याला बोर्डिंगमध्ये ठेवला. रोज सकाळी ऑफिसआधी जाऊन गोळी पनीरच्या तुकड्यात लपवून द्यायचो. तो पनीर खायचा, गोळी बाहेर काढून माझ्या पायाशी ठेवायचा. नाव ठेवलं शेरू. टपरीवाल्याने ठेवलं होतं, मी तेच चालू ठेवलं.

आता पुन्हा पोथीकडे.

इंद्र एकदा 'नाही' म्हणून थांबत नाही, तो युक्तिवाद करतो. तुला अमरत्व मिळतंय, वैभव मिळतंय, कुत्र्याला सोड, यात क्रूरपणा काही नाही. मग म्हणतो, कुत्रा पाळणाऱ्याचं पुण्य क्रोधवश नावाचे असुर हिरावून नेतात. युधिष्ठिर ऐकत नाही. त्याचं उत्तर मला फार आवडतं, कारण त्यात दयेचा शब्द नाही. शरण आलेल्याला टाकणं, स्त्रीला मारणं, ब्राह्मणाचं धन चोरणं आणि मित्राचा द्रोह करणं ही चार पातकं एका पारड्यात, आणि भक्ताला टाकणं हे एकटं दुसऱ्या पारड्यात. दोन्ही सारखी, असं तो म्हणतो. कुत्र्यासाठी त्याने वापरलेला शब्द बघा. भक्त! ज्याने एक शब्द विचारला नाही, फक्त मागे चालत राहिला, त्याला धर्मराज भक्त म्हणतो. आपण सकाळी स्टेटसला हरिपाठ लावून स्वतःला जो शब्द लावतो, तोच.

आणि इथे इंद्र सगळ्यात टोकदार प्रश्न विचारतो. कथा सांगताना आपण हा भाग बहुतेक गाळतो. तो म्हणतो, तू द्रौपदीला सोडलंस, सख्ख्या भावांना सोडलंस, मग या कुत्र्याचा एवढा मोह का?

युधिष्ठिर म्हणतो, ते मेले होते. मेलेल्याशी ना मैत्री करता येते ना वैर, मी त्यांना परत उठवू शकत नव्हतो. ते जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटलं आणि दोन दिवस उघडलं नाही. कारण मोती जिवंत होता.

मोती आमच्या डोंबिवली पश्चिमेच्या जुन्या इमारतीतला. धड पाळलेला नाही, धड रस्त्यावरचा नाही. आम्ही तळमजल्यावर, त्यामुळे तो आमच्या दारात झोपायचा. आईच्या हातची भाकरी, बाबांच्या चपलांवर डोकं. बारावीला मी पहाटे चारला उठायचो तेव्हा दाराबाहेर त्याचा शेपटीचा आवाज यायचा, टप टप. २०१० मध्ये इमारत पुनर्विकासाला गेली. मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. बिल्डर भाडं देणार, आम्ही पूर्वेला भाड्याने जाणार. नवा घरमालक म्हणाला, कुत्रा चालणार नाही. आम्ही 'बरं' म्हणालो. एवढंच. वाद नाही, दुसरं घर शोधणं नाही. वॉचमन बघेल, सगळे त्याला ओळखतात, असं म्हणून आम्ही टेम्पोत सामान भरलं. टेम्पो निघाला तेव्हा मोती फाटकापर्यंत पळत आला. मी मागे बसलो होतो, कपाट धरून. मी त्याच्याकडे बघितलं नाही. वाटेत युधिष्ठिरही मागे बघत नाही म्हणा, पण आमच्या न बघण्यात आणि त्याच्या न बघण्यात काय फरक आहे ते सांगायला नको.

या गोष्टीबद्दल आमच्या घरात चौदा वर्षं कुणी चकार शब्द काढला नाही.

ठाणे, डोंबिवली, कल्याणमध्ये ज्यांचं घर पुनर्विकासाला गेलंय त्यांनी जरा आठवा, तुमच्या चाळीतला कुत्रा कुठे गेला? रस्त्यावर जन्मलेल्या कुत्र्याला निदान हद्द असते, टोळी असते, कुठला कसाई पाय फेकतो ते माहीत असतं. घरात वाढलेल्याला यातलं काहीच येत नाही. जाहिरातीतला पग बघून पग आणतात, नंतर त्याला श्वास लागतो म्हणून सोडतात. डोंबिवलीच्या मे महिन्यात हस्की आणणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, आजचं चिंतन आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे प्राण्याला असं टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. दोन वडापाव आणि एक कटिंग.

एक गंमत सांगतो, गंमत म्हणजे गंभीरच आहे. महाभारत संपत आलं की कुत्रा येतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते सुरू होतानाही कुत्राच येतो! आदिपर्वात, पौष्य उपपर्वात. जनमेजयाच्या यज्ञात सरमेचं पिल्लू येतं, जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जातं. आई आधी त्यालाच विचारते, तूच काही केलं असशील. ते म्हणतं, मी हविर्द्रव्याला जीभ लावली नाही, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग सरमा यज्ञमंडपात येऊन विचारते, माझ्या लेकराला का मारलंत? राजाकडे, भावांकडे उत्तर नसतं. ती म्हणते, निरपराधाला मारलंत, तुमच्यावर न दिसणारं भय येईल. आणि एवढा मोठा राजा, यज्ञ आटपून घरी येतो आणि त्या भयाचं निवारण करील असा पुरोहित शोधत हिंडतो. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दाराशी व्यासांनी हे ठेवलंय. पहिल्या दाराशी कुत्र्याला विनाकारण मारणारे राजपुत्र, शेवटच्या दाराशी कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारणारा राजा.

आपल्याकडे दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, त्यांना चार वेद म्हणतात. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्याला लहानपणापासून माहीत आहेत. गीतेच्या पाचव्या अध्यायात समदर्शी पंडिताची खूण सांगताना भगवंतांनी ब्राह्मण, गाय, हत्ती यांच्याच ओळीत कुत्र्याला बसवलंय. आपले पारशी शेजारी तर या बाबतीत आपल्यापुढेच. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे मृत्यूनंतर ओलांडायच्या पुलावर कुत्रे राखण करतात, आणि १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारायची मोहीम लांबवली तेव्हा रस्त्यावर उतरले ते पारशीच. नंतर परळला जनावरांसाठी रुग्णालय उभं राहिलं तेही बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाने. डोंबिवलीत नीलेश भणगे यांच्या 'पॉज'सारख्या संस्था कित्येक वर्षं हे काम करताहेत. म्हणजे करणारे आहेत.

पण एक खटकतं ते बोलतो. शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालायची, पाच शनिवार, साडेसाती हलकी. सहाव्या शनिवारी तोच कुत्रा दारात आला की हाड! युधिष्ठिराला माहीत नव्हतं की कुत्र्याच्या रूपात धर्म उभा आहे. माहीत असतं तर ती परीक्षाच राहिली नसती, ते सेटिंग झालं असतं.

आणि दुसरी बाजूही बोलायला हवी, कारण मागच्या वेळी या विषयावर बोललो तेव्हा एका ताईने मला सुनावलं होतं, आणि ते बरोबर होतं. तिच्या मुलाला शाळेतून येताना कुत्रा चावला होता. रेबीज एकदा लक्षणं दिसायला लागली की जवळजवळ कुणी वाचत नाही. चावलं, नुसतं ओरखडलं तरी आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा, मग लगेच दवाखाना, आणि इंजेक्शनांचा कोर्स पूर्ण. हळद-चुना लावत बसू नका. बिस्किटं टाकून निघून जाणं ही भूतदया नाही. खायला घालणाऱ्याने त्या कुत्र्याचं निर्बीजीकरण आणि लस झालीय का हेही बघायला हवं. झालेल्याच्या कानाला छोटी खाच असते. कोर्टाचं तुम्ही वाचलंच असेल. २०२५ च्या २२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने आधीचा आदेश बदलून, रेबीज झालेली किंवा हिंस्र सोडून बाकीची कुत्री निर्बीजीकरण करून, लस टोचून जिथली तिथे सोडा म्हटलं. ७ नोव्हेंबरला शाळा, इस्पितळं, स्टेशनं अशा जागांमधून उचललेली परत तिथे सोडू नका म्हटलं. यावर दोन्हीकडचे लोक एकमेकांना काय काय बोलतात ते मी ग्रुपवर वाचतो. ज्याचं लेकरू चावलंय त्याला निर्दय म्हणू नका, एवढी हात जोडून विनंती.

तर शेरू. अठ्ठावीस दिवसांनी प्लेटलेट्स वर आल्या. चार महिन्यांत सत्तावीस किलो. निर्बीजीकरण, लसी सगळं झालं. आता घर. फोटो टाकला तेव्हा बदामांचा पाऊस पडला. फोन आले नऊ. एकाला ब्रीडिंगसाठी हवा होता. एकाला शहापूरच्या फार्महाऊसवर राखणीला, साखळीत. एकाला मुलीच्या वाढदिवसाचं सरप्राइज. वय आठ-नऊ म्हटल्यावर तिघांनी फोनच ठेवला. कल्याणच्या मुलीने मला नियम शिकवले: घर प्रत्यक्ष बघायचं, घरातल्या प्रत्येकाशी बोलायचं (एक जण जरी गप्प असला तरी थांबायचं), लेखी घ्यायचं, आणि दिल्यावरही भेटायला जायचं. आम्ही ठाण्यातल्या एका कुटुंबाला दिला. छान माणसं. अकराव्या दिवशी फोन. रात्री हॉलमध्ये लघवी करतो, आजोबांना त्रास होतो, मुलाची परीक्षा आहे, कुत्रा जमणार नाही.

मी आणायला गेलो. मनात भाषण तयार होतं, महाभारतासकट. लिफ्टने बाराव्या मजल्यावर गेलो, दार उघडलं, त्यांचा मुलगा, असेल एकोणीस-वीस वर्षांचा, शेरूचा पट्टा धरून उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. टेम्पोत कपाट धरून मी जसा बसलो होतो, तसा. माझं भाषण तिथेच संपलं. त्याला म्हटलं, "तू कधीही भेटायला येऊ शकतोस." अजून आलेला नाही.

त्या रात्री बोर्डिंग बंद झालं होतं. मी शेरूला घेऊन डोंबिवलीला आईकडे गेलो. तीच जागा, जिथे मोती झोपायचा. आता वर नवा टॉवर, आम्ही नवव्या मजल्यावर. मला वाटलं आई ओरडेल. तिने शेरूकडे बघितलं, आत गेली, जुनी गोधडी आणून दाराशी घातली. दाराच्या डाव्या बाजूला. मोती डाव्या बाजूलाच झोपायचा.

मग पाठमोरी होऊन, भांडी लावता लावता म्हणाली, "मी जायचे रे रोज. तुम्ही दोघं बाहेर पडलात की. पूर्वेहून पुलावरून, भाकरी घेऊन. महिनाभर गेले. मग त्यांनी पत्रे लावले, आत सोडेनात. पत्र्याबाहेरून हाक मारायचे. मग एक दिवस आला नाही."

मला वाटत होतं की हे ओझं माझ्या एकट्याचं आहे. ती चौदा वर्षं त्या पत्र्याबाहेर उभी होती.

एका वाचकाने मागे विचारलं होतं, कुत्र्याच्या जागी शेवटी धर्म प्रकट होतो, मग तो कुत्रा स्वर्गात गेलाच नाही का? मला माहीत नाही. संहितेत तो नंतर दिसत नाही. मला एवढंच दिसतं की युधिष्ठिराने रथाच्या पायरीवर पाय ठेवायच्या आधी उत्तर दिलं, आणि ते देताना त्याला एवढंच माहीत होतं की हा कुत्रा आहे.

शेरू दोन महिने आईकडेच होता. मग कल्याणला पारनाक्याच्या बाजूला एक निवृत्त जोडपं मिळालं, जुनं घर, तळमजला, मागे अंगण, दोघांचेही गुडघे शेरूसारखेच. काका म्हणाले, "हा किती वर्षं काढील? आम्ही तरी किती काढू? जमेल." आईला विचारलं, द्यायचा का? ती म्हणाली, नववा मजला त्याच्या पायांना बरा नाही, लिफ्ट बंद पडली की उचलणार कोण. स्वतः सोबत आली, गोधडी घेऊन. काकूंना सांगितलं, याला भाकरी कुस्करून द्यावी लागते, दात गेलेत.

मागच्या रविवारी गेलो होतो. शेरूने येऊन माझा हात हुंगला, शेपटी हलवली, आणि परत जाऊन काकांच्या चपलांवर डोकं ठेवून झोपला.

उद्या दुसरा अध्याय. द्रौपदी पडते तो. भीमाचे प्रश्न आणि युधिष्ठिराची उत्तरं नीट वाचून या, मला त्यातली दोन उत्तरं पटत नाहीत.

रामकृष्ण हरी.